शेतकरीच हवा

सकाळचा चहा पिता पिता मी सहज सर्व्हरकडे नजर टाकली आणि चहा तसाच राहिला. सीपीयू, म्हणजे त्याच्या मेंदूवरचा भार, शंभर टक्क्यांवर होता. एरवी तो दिवसभर आळसावलेला असतो, एखाद्या कॉलेजच्या निकालाच्या दिवशीसुद्धा निम्म्याच्या फारसा वर जात नाही. त्या दिवशी मात्र आकडा शंभरला चिकटून बसला होता आणि कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी खाली यायला तयार नव्हता.

माझं ऑफिस बारामतीत, भिगवण रोडला, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आहे. मी लोकांना वेबसाइट करून देते आणि नंतर त्या चालत्या ठेवते. हे दुसरं काम कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचं कौतुकही होत नाही. काही बंद पडलं की मात्र सगळ्या तालुक्याला माझी आठवण येते. सगळ्या साइट्स भाड्यानं घेतलेल्या एकाच सर्व्हरवर आहेत. सामायिक विहिरीवर भावकीतल्या सगळ्यांनी आपापली मोटार बसवावी, तसा हा प्रकार. जो तो थोडं थोडं पाणी उपसतो तोवर भांडण नसतं. एकानं मोटार बंदच केली नाही, तर बाकीच्यांच्या पाइपातून नुसती हवा येते. त्या दिवशी कुणाची तरी मोटार अखंड चालू होती आणि ती कुणाची, हे मला कळत नव्हतं. माझ्याकडच्या साइट्स एकाच नावाखाली चालतात. त्यामुळे सर्व्हर कोणत्या कामात गुंतलाय ते उघडून पाहिलं तरी प्रत्येक ओळीपुढं तेच एक नाव होतं.

तोवर फोन सुरू झाले. इंदापूरच्या डाळिंब व्यापाऱ्याच्या माणसानं सांगितलं की परदेशातलं गिऱ्हाईक माल बघायला बसलंय आणि फोटोच उघडत नाहीत. नर्सिंग कॉलेजच्या क्लार्क बाईंनी विचारलं, आमचे प्रवेश चालू आहेत हे तुम्हाला माहीत आहे ना. दाताच्या डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही, नुसता बंद पानाचा फोटो पाठवून दिला. मी सगळ्यांना एकच सांगत होते, बघतेय, बघतेय. गिऱ्हाईक एकदा पुण्याच्या कंपनीकडं गेलं की परत येत नाही, हे मला ठाऊक आहे.

त्यातच कऱ्हाटीहून आईचा फोन आला. आईला माझ्या धंद्यातलं एकच कळतं, वधू-वराची साइट चालू आहे की बंद. ती साइट वालचंदनगरला राहणाऱ्या एका तात्यांची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नं जमवायला घेतली, आणि वह्या-कागदांचा कंटाळा आला तेव्हा माझ्याकडून साइट करून घेतली. त्या साइटवर माझ्या धाकट्या भावाचा बायोडेटा आहे. इतके दिवस आहे की त्यातला फोटो आता त्याच्यासारखा दिसत नाही.

भावाबद्दल सांगायलाच हवं. तो कऱ्हाटीत भाजीपाला करतो. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, बांधाकडेला थोडी डाळिंबं. पाणी आहे, घर नवं बांधलंय, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आणि चौतिशी उलटली तरी लग्न नाही. मुलींच्या बायोडेटात शेवटी अपेक्षा लिहिलेल्या असतात. नोकरदार हवा, पुणे-मुंबई असल्यास उत्तम, शेतकरी क्षमस्व. हे शेवटचे दोन शब्द सुरुवातीला तात्यांच्या कागदांवरून मीच टाइप करायची. मुलींचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः नोकरदाराशी लग्न करून बारामतीत आले आणि शेणाला हात लावायचं सुटलं म्हणून मनातून खूश झाले होते. पण भाऊ हल्ली लग्नांना जात नाही. लोकांत बोलत नाही. नकार आला की म्हणतो, असू दे आक्का, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघून जातो. त्याचं हे गप्प होत जाणं मला बघवत नाही. एकदा कुणीतरी त्याला हो म्हणावं, एवढंच मला आणि आईला हवं होतं.

आईला मी सांगितलं की सगळंच बंद पडलंय, नंतर बोलू. ती म्हणाली, "बंद न्हाय, हळू चाललंय. तू ते बघ लवकर, आज लई महत्त्वाचं हाय." मला वाटलं, हिचं रोजचंच महत्त्वाचं असेल. मी फोन ठेवला.

पहिला संशय नर्सिंग कॉलेजवर गेला, कारण गर्दी व्हायचं कारण त्यांच्याकडं होतं. त्यांच्याकडं कोण कोण येऊन गेलं ते तपासलं, तर मोजकीच मुलं होती आणि तीही बिचारी पान उघडत नाही म्हणून थांबलेली. मग वाटलं, हल्ला आहे. परदेशातून कुणीतरी मशीन लावून दारं ठोकत बसतं, तसं कधी कधी होतं. पण येणारे पत्ते बघितले तर सगळे आपल्याकडचेच, साध्या मोबाइलवरचे. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. आकडा क्षणभर खाली आला, माझाही श्वास खाली आला, आणि बघता बघता तो परत शंभरवर जाऊन बसला. आता मला खरंच रडू यायला लागलं होतं. अशा वेळी मी चिडते, आणि चिडले की मला नीट दिसायला लागतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि डेटाबेसला या घडीला नक्की काय विचारलं जातंय, ते बघायला घेतलं.

तिथं सापडलं. वरपासून खालपर्यंत एकच प्रश्न होता. गुण जुळवा. मुलं वेगवेगळी, मुलगी एकच.

हे गुणांचं प्रकरण तात्यांच्या हट्टामुळं आलं. छत्तीसपैकी अठराच्या वर गुण जमले तरच आपल्याकडं पुढं बोलणं होतं, त्यामुळे तात्यांना ते साइटवरच दिसायला हवे होते. एखाद्या मुलाच्या घरच्यांनी मुलीचं पान उघडलं की सर्व्हर दोघांच्या जन्मवेळा घेतो, त्या वेळचे ग्रह मांडतो आणि गुण काढून देतो. दर वेळी नव्यानं. रोज दहा-वीस लोक आले तर त्याला काही वाटत नाही. पण त्या दिवशी आख्खा बारामती आणि इंदापूर तालुका एकाच मुलीच्या पानावर चढून बसला होता.

मी ते पान उघडलं. उघडायला त्यानं माझा अंत बघितला. मुलगी इंदापूर तालुक्यातली, तिशीची, शेतकीचा डिप्लोमा झालेली. व्यवसाय, स्वतःची रोपवाटिका. फोटोत हसत नव्हती. आणि शेवटी अपेक्षा लिहिली होती, शेतकरीच हवा. नोकरदार क्षमस्व.

मी ते परत वाचलं. सर्व्हर क्षणभर विसरलेच. इतकी वर्षं ही साइट सांभाळतेय, असं वाक्य मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला असणार, त्याशिवाय सकाळी सकाळी एवढी झुंबड उडाली नसती. आईचं महत्त्वाचं काम काय होतं, ते आता कळलं.

पण नुसत्या बघ्यांनी सीपीयू एवढा तापत नाही. एक बायोडेटा एकदा, दोनदा बघून माणूस गप्प बसतो. इथं तीच घरं पुन्हा पुन्हा गुण काढत होती. गुण एकदा काढले की तेच राहणार, मग परत परत कशाला? मी एका मुलाची नोंद उघडून बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची जन्मवेळ बदलली. पहाटेचा जन्म दुपारी गेला. गुण निघाले, तेरा. मग दुपारचा रात्री गेला. पुन्हा तेरा. नुसती वेळ फिरवून फारसं काही हलत नाही असं दिसल्यावर त्यांनी सरळ तारीखच बदलली. दुसरं घर उघडलं, तिथंही तेच. तिसऱ्या घरातला मुलगा सकाळपासून इतक्यांदा जन्मला होता की त्याच्या आईची मला दया आली. बायोडेटातली चूक ज्याची त्याला सुधारता यावी म्हणून तात्यांनी ती सोय ठेवून घेतली होती. लोक घराघरांत बसून आपल्या पोराची पत्रिका त्या मुलीच्या पत्रिकेला बसेपर्यंत कापत होते, आणि दर कापाला माझा सर्व्हर ग्रह मांडत होता.

मला हसू आलं, मोठ्यानं. मग काय वाटलं कोण जाणे, मी भावाची नोंद उघडली.

भाऊ घरीच झाला. मी तेव्हा दुसरीत होते. संध्याकाळी म्हशींच्या धारा काढायच्या वेळी आईला कळा सुरू झाल्या आणि मला शेजारी पाठवलं, ते मला लख्ख आठवतं. शेजारच्या काकूंनी दिवा लावला आणि मग निरोप आला. साइटवर त्याचा जन्म सकाळचा झाला होता. थोड्याच वेळापूर्वी, कऱ्हाटीतून. त्या दिवशी मधेच नक्षत्र बदलत असावं, कारण नुसत्या वेळेनं गुण सतराचे एकवीस झाले होते. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आईचा पुन्हा फोन आला. मी विचारलं, वेळ तू बदललीस का. तिनं लपवलं नाही. म्हणाली, सगळेच बदलत्यात, आपणच मागं राहायचं का. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्याच हातात हाय ना समदं? मग त्याला वर घे. बाकीची राहू देत बाहेर."

खोटं कशाला बोलू, मला ते सुचलं नव्हतं असं नाही. सर्व्हर माझा होता. बाकी सगळ्यांना दाराबाहेर ठेवून एकट्या कऱ्हाटीच्या घराला आत घेणं मला अवघड नव्हतं. तिच्या पानावर सुचवलेली स्थळं दिसतात, त्यात भावाला पहिल्या जागेवर बसवणं तर त्याहून सोपं. कुणाला कळलंही नसतं. कीबोर्डवर हात ठेवून मी बराच वेळ बसले आणि खाली दुकानात कुणीतरी नळ्यांची बंडलं आपटत होतं ते ऐकत राहिले. मला दोन्हीची भीती वाटत होती. केलं तर मी तात्यांना आणि त्या मुलीला फसवणार होते. नाही केलं तर उद्या ती दुसऱ्या कुणाची तरी झालेली असेल, आणि भावाचं तोंड बघताना दर वेळी मला आजचा दिवस आठवेल. आईला मी म्हटलं, बघते. सकाळपासून गिऱ्हाइकांना जे उत्तर देत होते, तेच तिला दिलं.

आणि मी सर्व्हरचंच काम हातात घेतलं, कारण ते निदान मला येत होतं. जन्मवेळ बदलायची सोय बंद केली. ज्याचे गुण एकदा निघालेत त्याचे साठवून ठेवायचे, पुन्हा मांडायचे नाहीत, अशी व्यवस्था केली. आकडा ऐंशीवर आला, मग सत्तरवर. डाळिंबाचे फोटो दिसायला लागले. कॉलेजचं पान उघडलं. क्लार्क बाईंनी आभार न मानता फोन ठेवला, म्हणजे काम झालं होतं. पण त्या एका पानावरची गर्दी हटत नव्हती, सर्व्हर अजून धापा टाकत होता.

मी तात्यांना फोन लावला. पहिला प्रश्न विचारला, ही मुलगी खरी आहे ना, कुणी मस्करी तर केली नाही. तात्या म्हणाले, खरी आहे, बायोडेटा द्यायला स्वतः आली होती, सोबत बाप नाही की भाऊ नाही. तात्या स्वतःच सकाळपासून तिला फोन लावत होते आणि तो लागतच नव्हता. पानावर तिनं नंबर स्वतःचा दिला होता. मी सांगितलं, तिच्याशी बोलणं झालं तर माझा नंबर द्या, पान थोडा वेळ झाकावं लागेल आणि ते तिला विचारल्याशिवाय मी करणार नाही.

दुपारी तिचाच फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. मागं पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज येत होता. तिनं विचारलं, तुमीच का ती साइट चालवता. मी हो म्हटलं आणि शिव्या खायची तयारी केली. ती ओरडली नाही. पान झाकू नका, काढूनच टाका म्हणाली, आत्ताच. मी विचारलं, चांगलं स्थळ मिळालं का. हा प्रश्न मी कुणासाठी विचारत होते ते मला माहीत होतं.

"फोन लई आले," ती म्हणाली. "कुणाची आई, कुणाची चुलती, कुणाचा मामा. कुणी गुण सांगतंय, कुणी एकर सांगतंय. वडलांना फोन द्या म्हणत्यात. ज्याचं लगीन हाय त्यानं सवता एकानं बी फोन केला न्हाय."

मी म्हटलं की आपल्याकडची मुलं लाजतात, आधी घरचे बोलतात अशीच पद्धत आहे. ती म्हणाली, "आन् मला शेतकरी आवडतो म्हणून न्हाय लिहिलं ते. मला माझी रोपं सोडायची न्हाईत. नोकरीवाला पुण्याला न्हेणार, मग हितं कोण बघंल? एवढंच हाय ते. त्यात गुण कुठनं आले?"

भावाचं नाव अगदी ओठावर आलं होतं. त्याचं पाणी, त्याचं नवं घर, त्याचा शांत स्वभाव, सगळं एका दमात सांगता आलं असतं आणि तिनं ऐकूनही घेतलं असतं. पण तोंड उघडलं असतं तर त्या आया आणि चुलत्यांमागं मीही एक बहीण म्हणून उभी राहिले असते. मी म्हटलं, काढते. ती म्हणाली, उपकार झाले, आणि फोन ठेवला.

मी पान काढून टाकलं. आकडा चाळीसवर आला, तीसवर आला, आणि नेहमीच्या जागी जाऊन पडला. सगळ्या साइट्स झटक्यात उघडायला लागल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी गार झालेला सकाळचा चहा बेसिनमध्ये ओतला आणि आईच्या फोनची वाट बघत बसले, कारण तो येणार हे नक्की होतं.

तो आलाच. पान कुठं गेलं, तिनं विचारलं. मी सांगितलं की मुलीनंच काढायला लावलं. आई म्हणाली, "तुझ्या हातात व्हतं की गं, बाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नुसता थकलेला होता आणि तो ऐकून मीच भडकले. मी म्हटलं, माझ्या हातात काही नव्हतं. सकाळपासून सगळा तालुका तिला फोन करतोय आणि एका मुलाला स्वतः बोलायची छाती झाली नाही. तिनं शेतकरी कशासाठी मागितला हे एकानंही विचारलं नाही. तिला तिची रोपं सोडायची नाहीत म्हणून मागितला, बाकी कशासाठी नाही, आणि तुम्ही बसलात पोरांच्या जन्मवेळा फिरवत. हे सगळं मी फार जोरात बोलले. खालच्या दुकानातली बंडलं आपटायची थांबली. आई म्हणाली, आपल्यात पोरगा आधी बोलतो का कधी. तिला खरंच कळत नव्हतं, यात चुकलं काय.

मग फोनमध्ये खडखड झाली. भाऊ जेवायला घरी आला होता आणि आईच्या फोनचा स्पीकर चालू होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता तो म्हणेल, असू दे आक्का, आणि पंप घेऊन निघून जाईल, अशी मी वाट बघत होते. तो तसं म्हणाला नाही. त्यानं तिचा नंबर मागितला नाही, गुण किती ते विचारलं नाही.

"आक्का," तो म्हणाला, "कसली रोपं करती ती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचं वय मला माहीत होतं, जन्मवेळ माहीत होती, माझ्या भावाशी तिचे खऱ्या वेळेचे गुण किती आणि खोट्या वेळेचे किती, तेही माहीत होतं. ती माझ्याशी तिच्या रोपांबद्दलच बोलली होती, आणि मी पुढं काही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"विचारायचं व्हतंस," तो म्हणाला.